सुभेदाराच्या गाडीचं पाणी जातंय कुठं?

गॅरेज झाडायला घेतलं की काय निघतंय सांगू? चार वायसर, दोन नट, एक मोडका पाना आन् धा किस्से. नट-वायसर भंगारवाला न्हेतो. किस्से कोण न्हेत न्हाई. ते हितंच सांदीकोपऱ्यात साठत ऱ्हात्यात. चाळीस वर्सं झाली मला वडूजात गाड्या उघडाया लागून. आता गाड्या कमी आन् किस्से जास्त, आशी गत झालीया.

त्यात बी यंदा एकट्या सुभेदाराच्या गाडीनं इतकं किस्से दिलं, की बाकीच्या गाड्यांनी वाईट वाटून घेतलं आसंल!

बसा वाईच. च्या सांगितलाय. सांगतो समदं.

*

आमचा सुभेदार पल्टनीतनं रिटायर झालेला. वडूजात घर, मागं थोडं रान, आन् नाकाखाली मिशा. गाडी पांढरी, डिझेल, चोवीस वर्साची. काटा सव्वातीन लाखाच्या फुडं गेलाय, तरी हाकंला ओ देती.

सुभेदाराची लेक सुमी जल्मली त्या साली घेतली ही गाडी. सुमी दवाखान्यातनं घरी आली ती ह्याच गाडीतनं. लगीन होऊन कोयनानगरला सासरी गेली ती बी ह्याच गाडीतनं. आता सुमीला सातवा म्हैना. पयलं बाळंतपण म्हायेरात. सुभेदार म्हणला, "ज्या गाडीतनं आली, ज्या गाडीतनं गेली, त्याच गाडीतनं माझी लेक बाळंतपणाला येणार!"

पण गाडीला एक रोग लागलेला. पाणी प्यायची! वडूज ते कोयनानगर जाऊन आलं की दोन लिटर कूलंट गायब. खाली बघावं तर थेंब न्हाई. दिवाळीला जावयाच्या दारात जाऊन उकळली. आशी वाफ काढली, की व्याही कंदील घीऊन बाहीर आला. त्येला वाटलं धुकं घरात शिरतंय.

तवा वैनीनं, म्हंजे सुभेदाराच्या बायकूनं, माझ्या म्होरं फर्मान काढलं. "आवं, लेकीला आणायला जाताना ही गाडी एकदा जरी उकळली, तर मी आन् सुमी जावयाच्या नव्या गाडीनं येणार. आन् तुमची ही घोडी सरळ भंगारात! भावजी, तुमी साक्षीला हाईसा."

वैनी आत गेली. सुभेदार माझ्या कानाला लागला. "मिस्त्री, पंदरा दिस हायेत. गळती शोध. न्हाईतर मी जावयाच्या गाडीत मागच्या शिटवर बसून वडूजात येणार. लोकं बघत्याल रं!"

बर्फात बारा वर्सं काढलेला माणूस, पण जावयाच्या मागच्या शिटला भ्याला!

आन् बर्फावरनं आठवलं. त्येची एक फुशारकी आख्ख्या वडूजाला पाठ हाय. रिटायर झाल्यावर आठ वर्सं त्यो कोयनानगरात धरणाच्या कॉलनीत सिक्युरिटीला हुता. दर आठवड्याला जाणं-येणं, कुटुंबासंगट. तवापास्नं सांगतोय, "घाटात लोकांचं दात वाजत्यात. मी सोटर काढून गाडी चालवतो. फौजी रगत हाय. गरम!"

हे ध्येनात ठिवा. काय बोलू नगा आत्ता.

*

एवढं बोलून बी सुभेदार पयल्यांदा गाडी माझ्याकडं घीऊन आलाच न्हाई. गेला साताऱ्याला, एका मोठ्या वर्कशापात. काचा, एशी, बसायला सोफा. तितला साहेब हातात ल्यापटापची वायर घीऊन गाडीभवती फिराया लागला. एक फेरी, दोन फेऱ्या.

सुभेदार म्हणला, "काय हरवलं काय?"

"काका, वायर लावायचं सॉकेट दिसंना."

चोवीस वर्साची गाडी! तिच्यात इजंवर चालतंय काय, तर दिवं आन् हॉर्न. हॉर्न बी मूड आसला तर.

शेवटाला त्यानं काट्यावरचं किलोमीटर वाचलं, तोंड बारीक केलं आन् चार पानी रिपोट दिला. हेड ग्यास्केट, म्हंजे इंजनाच्या डोस्क्याखालचं पॅकिंग, गेलं आसंल. कूलंट इंजनात जळतंय. वर तोंडी सांगितलं, "काका, लय वय झालंय हिचं. इकून टाका."

सुभेदार म्हणला, "वय तर माझं बी झालंय. मला कुठं इकतोस?"

मंग गाडी आली आमच्याकडं, रिपोटासकट. मला सही करण्यापुरतं येतंय, तेवढं बास झालं आजवर. पण कागद लय झ्याक हुता. जाड, पांढराशिपट. मी म्हणलं, "सुभेदार, एवढा कामाचा रिपोट मी कवा बघितला न्हाई!"

सुभेदार खूश. "व्हय ना? काय लिव्हलंय?"

मी चारी पानं गाडीच्या खाली आथरली. "आता गळंल तिथं दिसंल!"

*

तीन दिस कागद कोरा. धूळ पडली तेवढीच.

आता माझ्या शेजारच्या गाळ्यात रशीदभाई. रेडिएटरचा कारागीर, सांगलीचा, लय वर्सं झाली हितं येऊन. हात सोन्याचा, पण घमेंड एकच : "मी वासावर गळती वळखतो." ऑइल, बिरेक ऑइल, कूलंट, काय बी आसू द्या, बोटावर घ्यायचं, नाकाला लावायचं आन् डोळं मिटून निकाल द्यायचा. कूलंट जिभंला लावत न्हाई, इख हाय म्हणतो. नाकच पुरं हाय.

चौथ्या दिशी सकाळी कागदावर धा-बारा थेंब! मीच हाळी दिली. "रशीदभाई, आरं पळ! गळती घावली!"

रशीदभाई आडवा होऊन गाडीखाली गेला. बोट लावलं. वास घेतला. डोळं मिटलं. सुभेदार एका गुडघ्यावर बसून बघतोय.

"वाटर पंप," रशीदभाई म्हणला. "सील गेलंय. कूलंटचा गोड वास यतोय. आन् गंज बी उतरलाय, म्हणून रंग तांबडा."

"पक्कं?"

"तीस वर्सं हाय ह्या धंद्यात, सुभेदार."

मी म्हणलं, "रशीदभाई, परत वाईच वास घे. आल्याचा येत न्हाई काय?"

त्यानं घेतला. मंग माझ्याकडं बघितलं. मंग माझ्या हातातल्या आर्ध्या च्याच्या कपाकडं बघितलं.

गाडीखालनंच त्यानं मला पाना फेकून मारला! आठ दिस माझ्यासंगट च्या प्याला न्हाई. आजून बी कप घेतला की आदी वास घेतो.

*

आता हेड ग्यास्केट गेलंय का न्हाई, ते बघायची आमची एक गावठी रीत हाय. इंजन थंड आसताना रेडिएटरचं झाकण काढायचं, तोंडावर फुगा ताणून बसवायचा आन् इंजन चालू करायचं. ग्यास्केट फाटलं आसंल तर इंजनातला धूर पाण्यात येतो आन् फुगा टम्म फुगतो. न्हाई फुगला तर हेड शाबूत.

नातवाच्या वाढदिसाचं फुगं घरात उरलेलं. एक बसवला रेडिएटरवर, लाल. दुसरा मी फुगवून पाठीमागं धरला. त्यो कुणाला दिसला न्हाई.

मी म्हणलं, "सुभेदार, नीट बघा. फुगा फुगला तर ग्यास्केट गेलं. आन् फुटला तर आख्खं हेड गेलं. मंग सुमी जावयाच्या गाडीत."

सुभेदारानं टोपी काढून काखंत धरली. इंजन चालू. फुगा हलंना. एक मिनीट. दोन मिनटं. वाळक्या वांग्यागत लोंबतोय. हेड शाबूत! सुभेदाराचं तोंड फुलाया लागलं.

तेवढ्यात मी मागं टाचणी लावली.

फाट्ट!

आन् सुभेदार कुठं हाय? न्हाईच! बघतोय तर जुन्या टायरांच्या ढिगामागं पालथा. दोनी हात डोस्क्यावर. तितनंच वरडला, "खाली व्हा रं! कव्हर घ्या!"

रशीदभाईनं बी घेतलं. च्याचा राग इसरून सुभेदाराच्या शेजारी जाऊन पडला.

*

मंग आमी तिघं गाडी घीऊन शिराळ्याला गेलो. रशीदभाईचं पाव्हणं हायेत तितं. जाऊन-येऊन केलं, मधी चढ बी लागला. परत येऊन गाडी गार करून झाकण काढलं तर चमचाभर बी कमी न्हाई!

सुभेदार इचारात पडला. बोटं मोजाया लागला. "मी एकटा दहिवडीला गेलो, थेंब न्हाई. आपण तिघं शिराळ्याला गेलो, थेंब न्हाई. कोयनंला गेलं की दोन लिटर जातंय. आन् कोयनंला जाताना गाडीत जास्त काय आसतंय?"

रशीदभाई म्हणला, "काय?"

"बायकू!"

आमी डोळ्यांनी खुणा केल्या. वैनी त्येच्या मागं डबा घीऊन हुभी हुती. पण सुभेदार रंगात आलेला. "मिस्त्री, हिच्या वजनानं खालचा एखादा पायप दबत आसंल काय रं?"

वैनीनं डबा बानेटवर ठिवला. मंग परत उचलला. आन् घराकडं चालाया लागली.

दोन दिस सुभेदार माझ्या डब्यात जेवला.

तिसऱ्या दिशी वैनीचा राग निवला. ती मला म्हणली, "भावजी, ह्यास्नी काय कळत न्हाई, तुमास्नी सांगती. कोयनंला गेलं की माझ्या पायापशी मुंग्या हुत्यात. लायनी लागत्यात नुसत्या. आन् माझं पाय बी वले हुत्यात."

सुभेदार तितनं बोलला, "लाडवाचा डबा पायात ठिवल्यावर मुंग्या हुणारच! आन् बाटलीचं टोपण कवा नीट लावतीस? म्हणून वले."

"मी बाटली सांडत न्हाई."

"मंग काय गाडी रडती?"

आन् मी बी शाणा! म्हणलं, "वैनी, मुंग्यास्नी बी धरण बघायचं आसंल. न्हेत जावा!"

आमी तिघं लय हसलो. वैनी मातूर हसली न्हाई. म्हणली, "हसा भावजी. एक दिस माझं पाय धरशीला."

*

निघायला दोन दिस उरलं. सुभेदाराला जेवण जाईना. तवा रशीदभाईनं त्येच्या गावचं औषिध काढलं.

"हळद."

"आँ?"

"सांगलीची हळद. माणसाला जखम झाली की दाबतो का न्हाई? तशी रेडिएटरात टाकायची. बारीक भोक आसंल तितं जाऊन बसती आन् गळती बुजती."

हे काय बरं काम न्हवं बरं का. जाळी तुंबती, पाणी फिरंना हुतं. आडल्या-नडल्याला लोकं करत्यात. मी न्हाई म्हणत हुतो. पण सुभेदाराचं तोंड बघवंना. मंग ठरलं, एकच चमचा. मी माझ्या हातानं टाकला आन् झाकण लावलं.

आता फुडचं मला मागनं कळलं. मी जेवायला गेल्यावर रशीदभाईला वाटलं, मिस्त्री कंजूष हाय. त्यानं गुपचूप एक मूठ टाकली. आन् निघायच्या दिशी सकाळी सुभेदाराला वाटलं, ह्या दोघांस्नी कसल्या कामात जोर न्हाई. त्यानं वैनीच्या फडताळातली आख्खी पुडी वतली!

*

निघालो. सुभेदार चालवतोय, शेजारी वैनी, पायात लाडवाचा डबा. मागं मी, संगट पाण्याचं दोन क्यान, पान्यांची पिशवी आन् सुमीला पांघरायला वैनीनं शिवलेली जाडजूड वाकळ.

मार्गशीर्षातली थंडी. पाटणापतूर इंजनाच्या गरमीचा काटा जाग्यावर. सुभेदार म्हणला, "हळदीनं काम केलं!" रशीदभाईचं नाव घीऊन सलाम बी ठोकला.

फुडं वळणं लागली. धुकं आसं, की बानेटच्या फुडचं दिसंना. मागं मी कुडकुडाया लागलो. आन् सुभेदारानं काय केलं? वळण संपल्यावर सोटर काढून माझ्या अंगावर फेकला! "घाल मिस्त्री. मला घाम आलाय. फौजी रगत हाय!"

खरंच त्येच्या कपाळावर घाम हुता. मी म्हणलं, आसंल बाबा.

दोन वळणं गेली आन् वैनी म्हणली, "आवं, काटा कुठं निघालाय?"

"जुना हाय काटा."

"जुना आसू द्या. वर कशाला चाललाय?"

काटा तांबड्याच्या जवळ. एक केस उरला आसंल. सुभेदारानं गाडी कडंला घेतली. वैनीनं नुसतं त्येच्याकडं बघितलं. जावयाची नवी गाडी माझ्या बी डोळ्यांम्होरं आली.

आता आसं झालं की मिस्त्री लोकांची एक युक्ती आसती. गाडीचा हिटर फुल सोडायचा. इंजनाचं गरम पाणी हिटरात फिरतंय, गरमी गाडीत येती आन् इंजन वाईच निवतंय. ह्या गाडीत हिटरचा डबा डॅशबोर्डाच्या खाली, वैनीच्या पायापशी. त्येची एक दांडी आसती. ती सरकवली की पाण्याचा नळ उघडतो. मी दोन शिटांच्या मधनं हात घातला, दांडी वडायला.

दांडी आदीच वडलेली! फुल!

"सुभेदार, हिटर चालू हाय!"

"कसला हिटर? चोवीस वर्सांत माझ्या गाडीत हिटर कुणी लावला न्हाई. फौजी माणसाला हिटर..." आन् त्यो थांबला.

आमी दोघांनी वैनीकडं बघितलं. वैनी खिडकीतनं बाहीर बघत हुती. बाहीर धुकं हुतं. एक झाड बी दिसत न्हवतं. तरी मन लावून बघत हुती.

मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. "वैनी, पाय वर घ्या." खाली मॅट चिंब. बॅटरी मारली. वैनीचं पाय घोट्यापतूर पिवळंधमक! नीट बघायला मी खाली वाकलो, तिचा एक पाय हातात धरला.

वैनी वरनं म्हणली, "म्हणलं हुतं न्हवं भावजी, एक दिस पाय धरशीला?"

मंग काय सांगायचं ऱ्हायलं? हिटरच्या डब्यात एक बारकी जाळी आसती, ती सडलेली. वडूजात नळ बंद, म्हणून कोरडी. घाटात वैनी नळ उघडणार, गरम पाणी जाळीतनं गळून सरळ तिच्या पायावर. कूलंट गोड, म्हणून मुंग्या. आमी तीन बापय पंदरा दिस गाडीच्या खाली लोळत हुतो, आन् गळती गाडीच्या आत, वैनीच्या चपलंत! आन् तिनं ते आमास्नी तोंडानं सांगितलं हुतं.

सुभेदार म्हणला, "तू लावतीस हिटर?"

"मंग काय करू? माझं पाय गोठत्यात. तुमास्नी सांगाया गेलं की तुमी बर्फाच्या गोष्टी सांगता. त्यापरास पायाच्या आंगठ्यानं दांडी सरकवायची. वळणावर तुमचं ध्यान रस्त्याकडं आसतंय."

"कवापास्नं?"

"सुमी रांगत हुती तवापास्नं."

सुभेदार खाली उतरून धुक्यात जाऊन हुभा ऱ्हायला.

अर्धा-पाऊण तास गाडी गार केली. तापल्यावर झाकण उघडायचं नसतंय, तोंड भाजतंय. गार झाल्यावर उघडलं तर आत पिवळाधमक रस्सा! फोडणी दिल्यागत वास. "एक चमच्याचं एवढं?" मी म्हणलं. सुभेदारानं खाली मान घालून पुडीचं कबूल केलं. फोन लावल्यावर रशीदभाईनं मुठीचं केलं.

हिटरकडं जाणारं दोनी पायप मी सोडवलं आन् एकमेकास्नी जोडून टाकलं. हिटर कायमचा बाद. सुभेदारानं पायप धरला, त्येचं हात कोपरापतूर पिवळं. पाणी भरलं, इंजन चालू केलं. काटा खाली येऊन निम्म्यात बसला.

आता निकाल. सुभेदार वैनीम्होरं सावधान हुभा. "उकळली म्हणायची का न्हाई?"

वैनीनं आपल्या पायाकडं बघितलं. मंग माझ्याकडं. "काटा तांबड्याला शिवला न्हाई. वाफ आली न्हाई. उकळली न्हाई!"

न्याय म्हणजे न्याय. त्यात आंगठ्याचा काय संबंध न्हाई.

*

कोयनानगरात पोचलो. व्याह्याच्या दारात पायावर घ्यायला पाणी ठिवलेलं. सुमीची सासू तांब्या घीऊन हुभी. वैनीनं लुगडं वाईच वर धरून पाय फुडं केलं.

सासूबाई पाणी वतायची थांबली. पाय बघितलं, घोट्यापतूर पिवळं. मंग सुभेदार हात धुवाया फुडं आला. त्येचं हात बघितलं, कोपरापतूर पिवळं. परत पाय बघितलं. परत हात.

"इनबाई," ती दबक्या आवाजात म्हणली, "हळद झाली, आन् आमास्नी आवतान न्हाई?"

सुमी दारात हुती. पोट धरून आशी हसाया लागली, की सासू वरडली, "आगं हळू, सातवा हाय!"

वैनी लाजली. चक्क लाजली! सुभेदार तर बघायलाच नगा.

मंग त्येला सावरायला काय तरी पायजेल हुतं. राती जेवणं झाल्यावर व्याह्याम्होरं बर्फाच्या गोष्टी सुरू केल्या. आमचं रगत गरम, आमास्नी थंडी ठावं न्हाई. व्याही म्हातारा माणूस, शेकोटीपशी थरथरत बसलेला. सुभेदाराला ऊत आला. माझ्या अंगातला त्येचा सोटर काढून घेतला आन् व्याह्याच्या गळ्यात घातला. "ठिवा तुमास्नी! मी घाटात घालतच न्हाई!"

वैनी सुपारी कातरत हुती. अडकित्ता थांबला. माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. अडकित्ता परत चालू झाला.

*

दुसऱ्या दिशी उजाडता उजाडता निघालो. पानापानावरचं दव बर्फागत गार! जावई आपल्या नव्या गाडीच्या बानेटला टेकून हुभा. म्हणला, "मामा, आजून इचार करा. माझ्या गाडीत हिटर बी हाय."

सुभेदारानं मिशीवर हात फिरवला. "आमच्या घराण्यात लागत न्हाई." आन् आपल्या हातानं आपल्या गाडीचं दार उघडून लेकीला बशिवलं. त्या वक्ताला त्येचं तोंड बघायला पायजेल हुतं तुमी.

मागं वैनी आन् सुमी, दोघींच्या अंगावर ती वाकळ. फुडं सुभेदाराच्या शेजारी मी. अंगात दोन सदरं, कानाला मफलर. सुभेदार नुसत्या सदऱ्यावर.

गाडी आशी झ्याक चालली म्हणता! काटा निम्म्यात, जागचा हलंना. पयलं वळण गेलं. सुभेदार म्हणला, "बघितलं सुमे? चोवीस वर्साची हाय!"

दुसरं वळण गेलं. सुभेदारानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

तिसऱ्या वळणावर मला बारीक आवाज याया लागला. टकटक, टकटक. मला वाटलं, इंजनाचं टॅपेट वाजतंय. कान दिला. इंजनातनं येत न्हवता. माझ्या उजव्या अंगानं येत हुता. स्टिअरिंगवरची बोटं निळी पडलेली. मिशा हलत हुत्या.

मागनं सुमी म्हणली, "आबा, आज घाम आला न्हाई तुमास्नी?"

मागं कोण तरी फिसकन हसलं. आरशात बघितलं तर वैनी खिडकीतनं बाहीर बघतीया, मन लावून.

चौथं वळण गेलं. पाचवं गेलं. सुभेदारानं गाडी कडंला घेतली, हँडब्रेक वडला आन् म्होरं धुक्यात बघत म्हणला,

"मिस्त्री, त्या वाकळंचं एक टोक हिकडं दे."